दुपट्यानं बुडी मारली नाही

शाल्मलीच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि माझी झोप उडाली. धास्ती ऑपरेशनची कमी, दवाखान्यातल्या डाग न पडणाऱ्या चादरींची जास्त! त्यांतल्या काहींवरची रसायनं वर्षानुवर्षं विरत नाहीत, असं वाचलं होतं. डॉक्टरांना विचारायचं धाडस होईना, म्हणून शूरपणे लेकीला गोष्ट सांगितली.

कापडं बोलायची तेव्हा एका दवाखान्यात जुन्या साडीचं दुपटं होतं. जन्मलेल्या बाळाला आधी त्यातच गुंडाळायचे. एक दिवस तिथं चकचकीत चादर आली.

"शी, काय हे डाग! त्या टबातल्या औषधात बुडी मार. रक्त, दूध, काही चिकटणार नाही."

"आणि ते औषध कधी जातं?"

"काही झालं तरी जात नाही!" चादर ऐटीत म्हणाली.

"खरंय," मोरीतलं पाणी कण्हलं. "हिला धुताना जे माझ्यात उतरलं, ते विहिरीपर्यंत जाऊनही सुटेना. आणि विहिरीचं पाणी सगळेच पितात."

वाळत घातलेल्या दुपट्यानं दांडी घट्ट धरली. "मी नाही बुडणार. माझे डाग उकळले की जातात. बाळं मला तोंडात घालून चोखतात, बाई!"

"मग फेकून देतील तुला."

"देऊ देत. तोवर मी आहे तस्संच राहणार."

गोष्टीचा बोध लेकीनं स्वतःच काढावा म्हणून मी थांबले.

"आई, तू डॉक्टरांना विचारलंस?"

"अजून नाही गं."

"मग तू दुपट्याच्या मागे लप. मी विचारते."