चिचुंद्रीचं पान

ऐका हं, ऐका. जिन्याखाली राहायची एक चिचुंद्री. नाक लांब, शेपूट लांब, मधे एवढुश्शी चिचुंद्री. पाय एका जागी ठरेल तर शपथ!

तन्मयीकडे होतं चित्रांचं पुस्तक. त्यात हत्ती होता. सिंह होता. आणि शेवटच्या पानावर कोण? चिचुंद्री!

हत्ती काय, सगळ्याच पुस्तकांत असतो. चिचुंद्री फक्त याच पुस्तकात. ती रोज मोरीतून डोकावायची. आपलं चित्र बघायची.

तन्मयी मोठी झाली. पुस्तक द्यायचं ठरलं शेजारच्या मिहूबाळाला. ती पुस्तक पुसत होती. तेवढ्यात आला वारा. फर्रर्र! शेवटचं पान निघालं.

"दार लावा, दार लावा!" सगळे ओरडले. वारा गेला रुसून.

आई म्हणाली, "फाटकं पुस्तक कुणाला देऊ नये. रद्दीत टाक."

लांबून हाक आली, "रद्दीऽऽ!"

चिचुंद्री धावली तुरु तुरु.

"तन्मयी गं तन्मयी, पान चिकटव ना.
रद्दीवाला थांबेना!"

तन्मयी म्हणाली, "टाचणी लावू? छे! मिहूला टोचेल. मिहू सगळं तोंडात घालतो. पिठाची खळच बरी. आई खळ करेल, तर चिकटवीन."

चिचुंद्री धावली तुरु तुरु.

"आई गं आई, खळ कर ना.
पान चिकटेना,
रद्दीवाला थांबेना!"

आई म्हणाली, "पीठ आहे डब्यात. डबा उघडेल, तर करीन."

चिचुंद्री धावली तुरु तुरु.

"डब्या रे डब्या, उघड ना.
खळ होईना,
पान चिकटेना,
रद्दीवाला थांबेना!"

डबा म्हणाला, "डोक्यावर बसलाय बोका! बोका उठेल, तर उघडीन."

"रद्दीऽऽ!" हाक आली गल्लीतून. चिचुंद्री धावली तुरु तुरु.

"बोक्या रे बोक्या, ऊठ ना.
डबा उघडेना,
खळ होईना,
पान चिकटेना,
रद्दीवाला थांबेना!"

बोक्यानं नाक मुरडलं. "शी, काय हा वास! खिडकीत ऊन कुठंय? पडदा सरकेल, तर उठीन."

चिचुंद्री धावली तुरु तुरु.

"पडद्या रे पडद्या, सरक ना.
बोका उठेना,
डबा उघडेना,
खळ होईना,
पान चिकटेना,
रद्दीवाला थांबेना!"

पडदा म्हणाला, "मला का पाय आहेत? वारा येईल, तर सरकेन."

"रद्दीऽऽ!" हाक आली फाटकातून! चिचुंद्री धावली तुरु तुरु तुरु तुरु. शेवग्याखाली वारा बसला होता, गाल फुगवून.

"वाऱ्या रे वाऱ्या, ये ना.
पडदा सरकेना,
बोका उठेना,
डबा उघडेना,
खळ होईना,
पान चिकटेना,
रद्दीवाला थांबेना!"

वारा म्हणाला, "मुळीच नाही! मी आलो की म्हणतात, दार लावा. 'ये, बस' कुणी म्हणतं का?"

चिचुंद्री हळूच म्हणाली, "मलाही नाही रे म्हणत. मला म्हणतात, हाकला."

मग तिनं नाक खाली केलं. "वारेदादा, या हो. बसा हो आमच्याकडे."

वारा खुदकन हसला. आणि निघाला!

वारा आला, सूं सूं.
पडदा सरकला, सर्रर्र.
बोका उठला, आळोखेपिळोखे.
डबा उघडला, खण्ण.
खळ झाली, रटरट.
पान चिकटलं, चप्प!

"रद्दीऽऽ!" रद्दीवाला दारात!

"आज काही नाही हो, दादा," आई म्हणाली.

पान वाळलं. तन्मयी गेली शेजारी. टकटक.

"काकू, माझं जुनं पुस्तक आहे. मिहूला चालेल का? नको असेल, तर नको म्हणा हं."

"अगं, चालेल काय, पळेल!" काकू म्हणाल्या. "ये ना आत."

चिचुंद्री मागोमाग मोरीत. तुरु तुरु.

मिहूनं पान उलटलं. हत्ती. पान उलटलं. सिंह. शेवटचं पान.

"ही कोन?"

"ही चिचुंद्री," तन्मयी म्हणाली.

मिहूनं मोरीकडं पाहिलं. तिथं एक लांब नाक! तेच नाक! मिहूनं जमिनीवर हात थोपटला.

"ये. बश."

चिचुंद्री आली. चिचुंद्री बसली.

वारा आला, तरी हलेना.
बोका आला, तरी पळेना.
चिचुंद्री काही उठेना!