ताम्हणखेड्याचा पितळी पेला

कपाटाला कुलूप तुम्ही लावलंत. नाव घेत नाही. मंडळीच्या चाव्यांचा जुडगा ज्यांच्या कमरेला आहे त्यांना बरोबर कळेल. काचेआड एक पितळी पेला ठेवलाय आणि खाली पाटी लावलीय, ‘हात लावू नये’. ज्या पेल्याला सगळ्या गावाचे हात लागावेत म्हणून लाजरबाबांनी आयुष्य घालवलं, त्यालाच ही पाटी! भक्तहो, मी शाळा शिकलेला माणूस नाही, गोड उपदेश मला जमत नाही. घडलं ते सांगतो.

मुळेच्या खोऱ्यात ताम्हणखेडे नावाचं गाव आहे. लाजरबाबा तिथे राहत. दिवसा रस्त्यावर खडी फोडावी आणि तिन्हीसांजेला देवळाच्या पायरीवर बसून प्रभूची भजनं म्हणावीत, हा त्यांचा नेम. गावात ख्रिस्ती मंडळीच्या दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. दोन्हींचा बाप्तिस्मा एकाच नदीत झालेला, पण जुनी शिवाशिव त्या पाण्यानेही धुऊन निघाली नव्हती. प्रभुभोजनाच्या मेजावर दोन पेले असत. चांदीचा वरच्या आळीला, पितळी खालच्या आळीला. मिशनची विहीर वरच्या आळीची. खालच्या आळीने ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरायचं. झिरा आटला, तर वरच्यांनी लांबून ओतलेलं ओंजळीत घ्यायचं.

पुनरुत्थानाच्या सणाआधीचे उपवासाचे दिवस सुरू झाले. पहिल्याच रविवारी बाबा उपासनेत उभे राहिले.

“मंडळी,” बाबा म्हणाले, “एका मेजावर दोन पेले आहेत, म्हणून प्रभू एकालाही हात लावत नाही. दोनाचा एक करा. आणि ती विहीर बंद करा, तिचं पाणी फिरतंय, नासतंय. सणापर्यंत सगळ्यांनी झिऱ्याचं पाणी प्या, एकमेकांच्या हातचं.”

पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत, एरवी सगळा कारभार शांतवनराव पंचांचा. पुढच्या बाकावरून ते हसले. “बाबा, पाणी फिरलंय की डोकं? झिऱ्यावर वाटी घेऊन कोण बसतं ठाऊक आहे ना? ही ठकी! हिच्या हातचं प्यायचं आम्ही?”

ठकूबाई खालच्या आळीची विधवा. देवळाची झाडलोट करी. ती दाराशी उभी होती. म्हणाली, “पंच, बाबा म्हणत्यात तर खरं असंल. मी देईन की पाणी. वाटी घासून घेते, मंग तर झालं?”

“ऐका, संदेष्टीण बोलली!” पंच म्हणाले. “केरसुणी धर, ठके.” सारं देऊळ हसलं.

तीन रविवार बाबा तेच बोलले. पंचांना मात्र भलताच वास आला. ‘आज झिरा म्हणतील, उद्या आमच्या विहिरीवर चढतील,’ असं म्हणत त्यांनी रहाटाला साखळी घातली, कुलूप ठोकलं आणि खालच्या आळीला ओतून मिळणारं पाणीही तोडलं. केवढी प्रभूची करणी! त्या कुलपाने खालची आळी वाचवली. कारण चौथ्या आठवड्यात पटकी आली, ती त्याच विहिरीतून.

अकरा दिवसांत आठ माणसं पुरली. सगळी वरच्या आळीची. पंच म्हणत, “उन्हाळा बाधला.” मग त्यांची बायको एस्तेरबाई आडवी झाली. तिने नवऱ्याचा हात धरला. “अहो, विहिरीचं पाणी पोटात ठरत नाही. ठकूबाईकडून घोटभर आणा ना.”

“तिच्याकडे जाऊ? लोक काय म्हणतील?” पंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नववी कबर खणली. भक्तहो, पंचांच्या उंबऱ्यापासून झिरा तीनशे पावलांवर होता. मी स्वतः मोजली आहेत.

एस्तेरबाईला माती देऊन पंच घरी येतात तोच त्यांची सोळा वर्षांची मुलगी रूथ ओकू लागली. भर दुपारी पंच अनवाणी धावत खडीच्या ढिगापाशी गेले. “बाबा, पोरगी चालली!”

बाबांनी हातोडा खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “शांतवन, एस्तेरसाठी यायचं होतंस रे.” मग उठले. “देवळातला पितळी पेला काढ. तो घेऊन ठकूबाईपाशी जा आणि पाणी माग.”

पंच पेला घेऊन ओढ्यात उतरले. “ठकूबाई,” ते म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी तिला पहिल्यांदा ‘बाई’ म्हटलं. “पाणी द्या. माझी रूथ…”

ठकूबाई रडू लागली. “कुठनं देऊ, पंच? सकाळधरनं झिरा कोरडा हाय. वाटीबी भिजंना.”

पंच मटकन वाळूत बसले. मागून बाबा आले. “बाई, तू देईन म्हणाली होतीस. पेला घाल.”

“बाबा, वाळूच हाय नुसती.”

“घाल, माय. प्रभूने तुझा शब्द ऐकलाय.”

ठकूबाईने पेला वाळूत रोवला. काठची वाळू काळी पडली, ओली झाली आणि थंडगार पाण्याने पेला काठोकाठ भरला! दुसरा भरला. तिसरा भरला. “अगं बया, घागरी आणा!” ठकूबाई ओरडली. दोन्ही आळ्या ओढ्यात लोटल्या. ती भरत राहिली आणि झिरा देत राहिला. सूर्य मावळायच्या आत रूथने डोळे उघडले. त्यानंतर एकही कबर खणली नाही, आणि पाऊस पडेपर्यंत तो झिरा आटला नाही.

पंच बाबांच्या पायांवर पडायला गेले. बाबा बाजूला सरले. “माझ्या नको.” तेव्हा त्या ताठ माणसाने ठकूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

“उठा हो पंच, पाय वाळूनं भरल्यात माझं,” ती बिचारी अवघडून म्हणाली.

पंच उठले नाहीत. “बाबा, माझी एस्तेर…”

“ती तुला परत देणं माझ्या हाती नाही, बाळा,” बाबा म्हणाले आणि त्यांच्या शेजारी वाळूत बसून राहिले.

त्या पुनरुत्थानाच्या सणाला मेजावर एकच पेला होता, पितळी. रांगेत पंच सगळ्यांच्या शेवटी, ठकूबाईच्या मागे उभे होते.

आता बाबा नाहीत. मेजावर चांदीचा पेला परत आलाय, पुढच्या बाकांसाठी. मागच्यांना प्लॅस्टिकचे ग्लास. पितळी पेला कुलपात. सांगणारा सांगून गेलाय, आता ऐकायचं ते तुम्ही. शांतवनराव नऊ कबरींनंतर वाकले. तुम्हाला किती लागतील? चावी तुमच्याच कमरेला आहे. उत्तर द्या.