कवडीचा पाय

फार फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनीही जरा कान द्यावा.

एका राज्यात, नदीच्या वळणावर, विणकरांचं एक गाव होतं. दिवस उजाडला की घराघरातून मागांची खटखट सुरू होई. त्या गावात सटवाजी नावाचा कोष्टी राहत होता. त्याची बायको भिवरा, आठ वर्षांची लेक ठकू आणि कवडी नावाची एक पांढरी मांजर, एवढाच त्याचा संसार.

उंदीर सूत कुरतडतात म्हणून कवडीला घरात आणलं होतं. पण ठकूने तिला मांडीवर घेऊन घेऊन पार लाडावून ठेवलं. भिवराही येता-जाता तिच्या पाठीवरून हात फिरवी. सटवाजी मात्र तिला कधी जवळ घेत नसे. ती मागाकडे फिरकली की तो हातातलं काम न थांबवता नुसतं "छुत!" म्हणे आणि कवडी पळून जाई. सटवाजीला मांजर आवडत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

एकदा कापसाची एक गाडी गावात आली. ऊन कडक होतं. गाडीवान गाडी सोडून पाणी प्यायला गेला, आणि कवडी गाडीखालच्या सावलीत जाऊन झोपली. गाडीवान परत आला, त्याने बैल जुंपले, हाकले, आणि चाक कवडीच्या मागच्या पायावरून गेलं.

कवडी किंचाळली. मोडका पाय ओढत ओढत कशीबशी घराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच कोसळली.

मग काय, घरात एकच आकांत झाला. ठकूने हंबरडा फोडला. भिवराच्या डोळ्यांना धार लागली. शेजारणी धावत आल्या. एकीने हळद आणली, दुसरीने दुधाची वाटी आणली, आणि "गरीब बिचारी!" असं तर सगळ्याच म्हणाल्या. सटवाजी रडला नाही. तो मागावरून उठला, एक जुनं धोतर फाडलं, त्यात कवडीला गुंडाळलं आणि गावाबाहेरच्या धनगरवाड्याची वाट धरली.

तिथे राणूआई नावाची म्हातारी धनगरीण राहत होती. शेळ्यामेंढ्यांची मोडलेली हाडं बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने कवडीचा पाय चाचपून पाहिला आणि मान हलवली.

"दोन जागी मोडलाय. वर जखम खोल. मेंढरू असतं तर म्हटलं असतं, जगेल. मेंढरू पडून राहतं बाबा. मांजर कुणाचं ऐकतं का? खरं सांगू सटवाजी, हिला आता सुखाने जाऊ दे."

"हाड बसवता येतं का, एवढं सांग."

"बसवेन की. हाड बसवणं घटकाभराचं काम. पण पुढचे चाळीस दिवस हिच्यापाशी कोण बसणार?"

"मी बसेन."

राणूआईने त्याच्याकडे वर पाहिलं. "तू? तुला तर मांजर आवडत नाही म्हणतात."

"आवडण्याचं काय त्यात? घरची आहे ती."

राणूआईने हाड बसवलं. दोन्ही बाजूंनी बांबूच्या कामट्या लावल्या, कापूस गुंडाळला, वरून पट्ट्या आवळल्या. जखमेपुरती जागा उघडी ठेवली. "दिवसातून दोनदा कडुनिंबाच्या कोमट पाण्याने जखम धुवायची. उडी मारू द्यायची नाही. जखम चाटू द्यायची नाही. खात नसेल तर भरवायचं. आणि एक दिवससुद्धा चुकवायचा नाही."

सटवाजीने घरी आल्यावर कोंबड्या झाकायचं डालगं धुऊन घेतलं, आत गवत पसरलं आणि कवडीला त्यात ठेवून डालगं मागाशेजारी मांडलं. जखम चाटता येऊ नये म्हणून जुन्या सुपाची कड कापून, तिला सूत गुंडाळून, कवडीच्या गळ्यात एक रुंद पट्टा अडकवला.

पहिले दोन दिवस घरात माणसांची रीघ लागली. ठकू डालग्यापाशीच जेवली, तिथेच झोपली. तिसऱ्या दिवसापासून जखमेला वास येऊ लागला. शेजारणी येईनाशा झाल्या. भिवरा नाकाला पदर लावून लांबूनच चौकशी करू लागली. ठकूलाही तो वास सोसेना. ती दारातूनच डोकावून पाही आणि मैत्रिणींकडे खेळायला पळे.

सटवाजी रोज पहाटे पाणी तापवी, त्यात पाला उकळी, निवू देई आणि जखम धुवी. मग मागावर बसे. मावळतीला पुन्हा तेच.

कवडी काही खात नव्हती. दूध समोर ठेवलं की तोंड फिरवी. चौथ्या दिवशी तिची हाडं वर आली, डोळे खोल गेले. सटवाजीने कापसाचा बोळा शेळीच्या दुधात भिजवला, तिचा जबडा दोन बोटांनी उघडला आणि थेंब थेंब दूध आत सोडलं. पहिला बोळा तिने ओकला. दुसराही. तिसऱ्या वेळी तिने सटवाजीच्या अंगठ्यात कडकडून दात रोवले.

विणकराचा अंगठा तो! संध्याकाळपर्यंत टरारून सुजला. उजव्या हातात आडवं सूत टाकायचा धोटा धरवेना.

आता भिवरा घाबरली. "अहो, पुरे झालं. हात गेला तर घर कसं चालायचं? आणि जिच्यासाठी करताय तिला त्याचं काही आहे का? ती चावतेय तुम्हाला!"

"दुखतंय म्हणून चावतेय," सटवाजी म्हणाला. "मला दुखलं असतं तर मीही चावलो असतो."

"मग सोडा की तो नाद."

"राणूआईला शब्द दिलाय. तिथे चाळीस म्हणालो, इथे चारच भरलेत."

त्याने अंगठ्यावर लेप बांधला आणि डाव्या हाताने धोटा फेकायला सुरुवात केली. कापड वेडंवाकडं उतरलं. त्याने ते उसवलं आणि पुन्हा विणलं. सकाळ-संध्याकाळ डाव्या हातानेच बोळा भिजवत राहिला. सातव्या दिवशी कवडीने ओकणं थांबवलं. नवव्या दिवशी तिने स्वतःहून जीभ बाहेर काढली आणि बोळा चाटला. त्या दिवशी मागाची खटखट जरा जोरात येत होती असं भिवराला वाटलं.

असे वीस दिवस गेले. जखम सुकली, वास गेला. कवडीच्या अंगात जीव आला, आणि तिला डालग्यात कोंडून राहणं नकोसं झालं. ती दिवसभर म्याँव म्याँव करू लागली.

सटवाजी नदीवर सूत धुवायला गेला होता. भिवरा परसात होती. ठकूच्या कानावर ते ओरडणं पडलं आणि तिचं काळीज पिळवटलं. 'आबा किती कठोर आहेत,' तिच्या मनात आलं. तिने डालगं उचललं. गळ्यातला पट्टा काढला. "थांब हं माझी बाय, तुला मोकळं करते," असं म्हणत पायाच्या पट्ट्याही सोडल्या. कामट्या गळून पडल्या. कवडीने अंग ताणलं आणि नेहमीसारखी मागाच्या खांबावर उडी घेतली.

कट् असा आवाज झाला, आणि मागोमाग ती किंकाळी.

सटवाजी परतला तेव्हा ठकू भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होती आणि कवडी कोपऱ्यात लोळत होती. त्याने सुटलेल्या पट्ट्या पाहिल्या. सगळं त्याच्या ध्यानात आलं. त्याने ओलं सूत खाली ठेवलं.

"आबा, मला मारा," ठकू म्हणाली. "मला तिची दया आली हो."

"मारून हाड जुळतं का?" सटवाजी म्हणाला. "ऊठ. डोळे पूस. तिला धोतरात घे, आणि पाय हलणार नाही अशी धर. आपल्याला धनगरवाड्यावर जायचंय."

"मी धरू?"

"तूच. मी बरोबर आहे."

राणूआईने पुन्हा हाड बसवलं. "जखमही पुन्हा उघडलीय. आता पुन्हा पहिल्यापासून चाळीस," ती म्हणाली. "आणि या खेपेला पाय थोडा आखूड राहील. दमला असशील तर तसं सांग सटवाजी, तुला कुणी नावं ठेवणार नाही."

"आज पहिला दिवस," एवढंच सटवाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पाणी तापवायला उठला, तर चूल आधीच पेटलेली. ठकू धुराने डोळे चोळत पाला निवडत बसली होती. तिला ते काही नीट जमत नव्हतं. पाणी कधी कढत राही, कधी पार निवून जाई. कवडीने तिला दोनदा ओरबाडलं. ती रडली, पण जागची उठली नाही. कवडी म्याँव म्याँव करू लागली की ठकू डालग्यावर हात ठेवून बसे, पण डालगं उचलत नसे. मैत्रिणी दारात येऊन हाका मारत. "येते," ती म्हणे, "पण आधी हिचं आवरू दे." भिवराही मग रोज परसातून पाला खुडून आणून देऊ लागली.

चाळिसावा दिवस उजाडला. राणूआई स्वतः आली. तिने पट्ट्या सोडल्या, पाय दाबून पाहिला आणि म्हणाली, "उचला डालगं."

सटवाजीने डालगं उचललं. तिघंही श्वास रोखून बघत राहिली. कवडी उठली. एक पाऊल टाकलं. लटपटली. मग दुसरं टाकलं, तिसरं टाकलं, आणि लंगडत लंगडत थेट भिवराकडे गेली अन् तिच्या मांडीवर चढून बसली.

भिवरा ओशाळली. ठकूचा मात्र संताप झाला. "बघा आबा! साठ दिवस तुम्ही केलंत, तुमचा अंगठा फोडला हिने, आणि ही गेली कुणाकडे? तुमच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही!"

सटवाजी हसला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच हसला असेल.

"अगं वेडे," तो म्हणाला, "तिला चालता यावं म्हणून केलं होतं. ती चालली. कुठे चालत जायचं ते तिचं ती ठरवील."

राणूआई जायला निघाली. ठकू तिच्या मागे अंगणापर्यंत गेली. "राणूआई, मला हाड बसवायला शिकवशील?"

म्हातारीने तिच्या ओरबाडलेल्या हातांकडे पाहिलं. "हाड बसवणं कुणालाही शिकवता येतं पोरी. त्याच्यापुढचं शिकवता येत नाही, आणि ते तू शिकून बसली आहेस. ये उद्यापासून."

कवडी पुढे पुष्कळ वर्षं जगली. तिचा पाय आखूडच राहिला आणि उंच उडी तिला कधी जमली नाही. पण सुताच्या लडीला उंदराचा दात काही लागला नाही. ठकूचं म्हणाल, तर ती मोठी झाल्यावर पंचक्रोशीतली माणसं आपली मोडकी-लंगडी जनावरं घेऊन तिच्या दारी येऊ लागली. आणि मोडलेला पाय कितीही अवघड असला, तरी त्या दारातून कुणाला कधी "राहू दे" असं ऐकावं लागलं नाही.

बोध : कळवळा पहिल्या दिवशी सगळ्यांनाच येतो, पण जीव वाचतो तो विसाव्या दिवशीही न कंटाळता पाणी तापवणाऱ्या हातांनी.