हाविएरचा चौथरा

खाडीवरच्या टेकडीवर काळ्या दगडांचा एक चौथरा आहे. त्यावर कुणी घर बांधत नाही. पाहुणे विचारतात तेव्हा वाडीतले कैतानमामा त्याची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी म्हणे एक गलबत खडकावर फुटलं आणि हाविएर नावाचा स्पॅनिश खलाशी किनाऱ्याला लागला. होड्या बांधणाऱ्या पावलूने त्याला घरी आणलं. हाविएर बरा झाला, पावलूच्या हाताखाली काम करू लागला. त्याचं काम पाहून पावलूने लाकूड तासायचा आपला वाकस त्यालाच दिला.

पावलूचा मुलगा बस्त्याव बघत राहिला. त्या वाकसाच्या आशेवर तो लहानपणापासून बापामागे लाकूड तासत आला होता.

एकदा पावलूने हाविएरला त्याच्या नावाचा अर्थ विचारला. हाविएर म्हणाला, "नवं घर."

"मग बांध की इथेच," पावलू म्हणाला, आणि त्याने टेकडीवरची जागा देऊन टाकली.

बस्त्यावला अन्न गोड लागेना. बाप हसला तरी त्याला वाटे, त्या परक्यासाठीच हसतोय. टेकडीवरचं हाविएरचं घर शाकारून झालं. रविवारी सारी वाडी प्रार्थनेला गेली असता बस्त्यावने त्या घराला आग लावली. वारा फिरला, ठिणग्या खाली पावलूच्या होड्या बांधायच्या मांडवावर पडल्या. पावलू गुडघे दुखतात म्हणून त्या दिवशी मांडवातच निजला होता. धूर पाहून हाविएर धावत आला. त्याने म्हाताऱ्याला बाहेर ओढलं. त्यात त्याचे दोन्ही हात भाजले.

"कुणी लावली?" पावलूने विचारलं.

"मी," बस्त्याव म्हणाला.

पावलूने त्याच्याकडे पाठ फिरवली. हाविएर मात्र बोलला, "माझे हात गेले. आता घर तू बांध."

जळक्या जागी नको म्हणून खाली वाडीत नवा पाया घेतला. बस्त्याव राबे, हाविएर शेजारी बसून चुका दाखवी, आणि येणारेजाणारे आधी हाविएरचीच विचारपूस करीत. बस्त्याव आतून धुमसतच होता. पण घराचा भार पेलणारी पहिली मेढ एकट्याला उभी करता येईना, तेव्हा हाविएर उठला आणि त्याने आपला खांदा लावला. मेढ उभी राहिली. बस्त्यावने बुडाशी माती दाबली आणि हाविएर परत आपल्या जागी जाऊन बसला.

बस्त्यावचा मत्सर गेला का, असं लोक विचारतात. गेला नाही, असंच कैतानमामा सांगतात. फक्त पुन्हा त्याचा हात उठला नाही.

आजही वाडीत नवं घर बांधताना पहिली मेढ रोवायला, ज्याच्याशी बोलणं नाही, त्यालाच बोलावतात. तो येतो, खांदा लावतो, आणि पुष्कळदा न बोलताच परत जातो.