तांबड्या चिंध्यांची फट

टोपी काढा. ऊन आहे हे मलाही दिसतंय, माझं डोकं तुमच्याआधी तापलंय. पण त्या पहिल्या खुंटापासून पुढे कुणी डोकं झाकून जात नाही. देऊळ नाही, शोधू नका. देऊळ असतं तर नारळ फोडून मोकळं होता आलं असतं.

आता होडी थांबवतो, नीट बघा. डाव्या हाताला कांदळवनात शिरलेला तो पाण्याचा फाटा आहे ना, त्याच्या तोंडावर खुंटांची रांग दिसते. तिला जाळं बांधतात, त्याला आम्ही वाण म्हणतो. भरती पुरी भरली की जाळं उचलून खुंटांना बांधायचं. ओहोटी लागली की पाणी निघून जातं, मासे जाळ्याच्या आत राहतात. सगळ्या खाडीत वाण असंच लावतात, फक्त आमच्या वाणाला काठाच्या बाजूला एक फट आहे. हातभर रुंद असेल. तिथे जाळं नाही, आणि शेजारच्या खुंटाला तांबड्या चिंध्या बांधलेल्या आहेत. ओहोटीला निम्मे मासे त्या फटीतून पळून जातात आणि आम्ही ते बघत बसतो. मागे एक पाहुणे म्हणाले, काका, एवढं भोक बुजवता येत नाही का? त्यांना होडीतून उतरवावंसं वाटलं होतं, पण खाली चिखल होता.

ही फट पाणमांजरांची.

वनखात्याने हे जंगल राखीव केलं त्याला फार वर्षं झाली नाहीत. जेटीवरच्या फलकावर पाणमांजराचं चित्र आहे, समुद्रगरुडाचं आहे, खंड्याचं आहे. चित्रं चांगली आहेत. पण पाणमांजरं इथे फलकाच्या कितीतरी आधीपासून आहेत, आणि आमच्याही आधीपासून. असं सांगतात की आमचे पूर्वज या खाडीत आले तेव्हा त्यांना फक्त समुद्रातली मासेमारी ठाऊक होती. कांदळवनाच्या मुळांत दडलेला मासा बाहेर कसा काढायचा हे कळेना. तेव्हा पाणमांजरांनी शिकवलं म्हणे. भरतीला ती कुटुंबासकट आत शिरायची, मुळाखालची बोय, तांबोशी हुसकून उघड्या पाण्यात आणायची. माणसांनी तिथेच वाण लावलं. मांजरं मासा हाकणार, माणसं अडवणार, आणि ओहोटीबरोबर मांजरं आपला वाटा तोंडात धरून फटीतून मोठ्या खाडीत निघून जाणार, असा करार होता. तो कुणी कुणाशी बोलून केला नव्हता. पण पिढ्यान्‌पिढ्या पाळला.

मग जिवाजी तांडेलाचा काळ आला. तांडेल म्हणजे होड्यांचा आणि जाळ्यांचा म्होरक्या. त्याने हो म्हटलं तर वाण उचलायचं, नको म्हटलं तर नाही. जिवाजीला एकच मुलगी होती, आवडू. आई लहानपणीच गेली, म्हणून ती बापाबरोबर होडीतच वाढली. ती एवढीशी असताना जिवाजीने तिला फटीजवळ नेऊन दाखवलं होतं, "ही तेंची वाट. हंयसर हात लावूचो नाय." ती विसरली नाही. मुलांना सांगितलेलं मुलं विसरत नाहीत, सांगणारी विसरतात.

आवडूचं लग्न ठरलं ते खाडीपलीकडच्या एका मोठ्या घरात. त्या वर्षी मासळी बेताचीच होती. सोयरिकीच्या बैठकीत व्याही हसत हसत म्हणाला, "तुमची खाडी आता म्हातारी झाली, तांडेलानू. वरातीक सुकी मासळी वाढतलात काय?" चार माणसं हसली. जिवाजीही हसला, पण ते बोलणं त्याच्या मनाला लागलं. आईवेगळी पोर, तिला सासरी जन्मभर हे ऐकावं लागेल असं त्याला वाटलं. वाईट माणूस नव्हता तो. हे मी मुद्दाम सांगतो. वाईट माणसाची गोष्ट असती तर आम्ही ती केव्हाच विसरलो असतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी घरात देवक बसलं. जिवाजीने नवं तांबडं पागोटं बांधलं होतं. दुपारी भरती पुरी भरली तसा तो गड्यांना घेऊन वाण उचलायला आला. आत मुळांमध्ये पाणी नुसतं उसळत होतं, मांजरांनी मासा हाकून आणला होता. एवढा मासा त्या वर्षात कुणी पाहिला नव्हता. आणि पाणी फिरायची वेळ झाली. जिवाजीने फटीकडे पाहिलं. निम्मा मासा तिथून जाणार होता.

एकच ओहोटी, असं तो मनाशी म्हणाला असणार. जाळ्याचा जुना तुकडा होडीत होता. दोरी नव्हती. त्याने डोक्यावरचं पागोटं सोडलं, आणि त्या तांबड्या कापडाने तो तुकडा खुंटाला आवळून बांधला. गडी बाजूलाच उभे होते. त्यांनी पाहिलं. एकाने तर म्हणे गाठ मारताना तुकडा धरला.

पाणी उतरलं. वाणात मासा मावेना, टोपल्या कमी पडल्या. गडी टोपल्या घेऊन वर गेले आणि जिवाजी फट मोकळी करायला एकटा मागे राहिला. तिथे पाणमांजराची मादी मरून पडली होती. ओहोटीच्या जोरात ती रोजच्या वाटेने सरळ आली होती. तोंडात मासा तसाच होता. जाळ्याचा तुकडा तिच्या गळ्याशी अडकलेला, आणि पागोट्याचा पीळ अंगाभोवती बसलेला. पाणमांजर जाळ्यात सहसा सापडत नाही हो, फार हुशार जनावर आहे. वेळ आली तर काठावरून चालतही जातं. ती सापडली कारण तिने बघितलंच नाही. तिथे बघायची तिला कधी गरज पडली नव्हती.

जिवाजीने पागोटं सोडवायला हात पुढे केला, पण त्याच्याने ते होईना. त्याने वरून चिखल ओढला, कापडासकट, आणि घरी गेला.

संध्याकाळपासून पलीकडच्या कातळातून शीळ ऐकू येऊ लागली. तिची पिल्लं तिथल्या कपारीत होती. पाणमांजराचं पिल्लू आईला बोलावताना बारीक शीळ घालतं, तुम्ही ऐकाल तर पाखरू वाटेल. रात्र गेली तरी शीळ थांबली नाही. सकाळी मांडवात व्याह्याने विचारलं, "तांडेलानू, मुलीचो बापूस उघड्या डोक्यान? पागोटां खंय?" जिवाजी म्हणाला, "वारो सुटलो, खाडयेत गेलां." लोक माना हलवत राहिले. लग्नाच्या दिवशी वारा नव्हता, त्याच्या आदल्या दिवशीही नव्हता, हे मांडवातल्या प्रत्येक दर्यावर्दी माणसाला ठाऊक होतं.

मग पंगती बसल्या. असं जेवण या गावात आधी झालं नाही आणि नंतरही झालं नाही. जेवताना शीळ ऐकू येत होती, तेव्हा कुणीतरी ढोलवाल्यांना सांगितलं, जोरात वाजवा. कुणी सांगितलं ते आजवर कळलेलं नाही. गावातल्या प्रत्येक घरात विचारा, आमच्यातला नव्हे, असंच सांगतील. आणि प्रत्येक घराचं कोणी ना कोणी त्या पंगतीत जेवलं होतं.

दुपार कलल्यावर नवरीची होडी निघाली. ओहोटी लागलेली. जिवाजी गुडघाभर पाण्यात उभा राहून होडी ढकलत होता. ढोल काठावरच राहिले होते, त्यामुळे पाण्यावर आल्यावर आवडूला शीळ स्पष्ट ऐकू आली. होडी वाणाजवळून चालली होती. काठाचा चिखल उघडा पडत होता, आणि त्यातून तांबडं काहीतरी वर आलं होतं.

ती होडीतून उतरली. लग्नाचं लुगडं, हातभर चुडा, आणि मांडीपर्यंत चिखल. तिने ते तांबडं टोक धरून ओढलं. कापडाबरोबर मादी वर आली. आवडूने तिला मांडीवर घेतलं आणि कापड उलगडत बसली. गाठ खाऱ्या पाण्याने घट्ट झाली होती, दातांनी सोडवावी लागली. काठावर सगळं गाव उभं होतं. कापड पुरं मोकळं झाल्यावर ती बापाकडे बघून म्हणाली,

"बाबा, तुमचां पागोटां गावलां."

जिवाजी चिखलातून तिच्यापर्यंत आला आणि गुडघ्यांवर बसला. "मियाच बांधलंय गो," तो म्हणाला. "तुझ्यासाठी" असंही तो म्हणणार होता, असं सांगतात, पण तो शब्द काही त्याच्या तोंडातून बाहेर आला नाही.

होडीतून व्याही ओरडला, "सुकती लागली, होडी रुतात. जनावरच तां, चल!"

आवडूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती काठावरच्या लोकांना म्हणाली, "बाबांनी एकट्यान नाय बांधल्यानी. सगळ्यांनी बघल्यानी, कोण बोलाक नाय. आणि सगळे जेवले." मग तिने पागोट्याची एक पट्टी फाडली आणि फटीशेजारच्या खुंटाला बांधली. "ही फट पुन्हा बुजवूची नाय. गावातसून लगीन होवन जातली ती दर चेडू हंयसर एक पट्टी बांधतली. म्हंजे कोणाक म्हणूक गावाचां नाय, माका दिसाक नाय."

एवढं बोलून ती होडीत बसली. पुढे ती माहेरी आलीच नाही, असं काही जण सांगतात. माझी आजी सांगायची की यायची, दर वर्षी यायची, पण या गावात तिने माशाचा तुकडा तोंडात घातला नाही.

जिवाजीने त्यानंतर डोक्याला कधी काही बांधलं नाही. तांडेलकी सोडली. रोज ओहोटीला पलीकडच्या कातळावर मासे ठेवून यायचा. तो तिथे असेपर्यंत पिल्लं बाहेर येत नसत. तो होडीत बसून दूर गेला की येत आणि खात. ती जगली, वाढली, त्यांना पिल्लं झाली. आज तुम्ही दुर्बिणीतून बघायला येता ती सगळी त्यांचीच. म्हातारपणी जिवाजी या काठावर, उन्हात, उघड्या डोक्याने बसून असायचा. कशाची वाट बघतोस विचारलं तर फटीकडे बोट दाखवायचा. एकदा तरी त्यातलं एखादं या वाटेने जाताना बघायचं होतं त्याला. तो इथेच बसल्या जागी गेला म्हणे.

म्हणून टोपी काढायला सांगितली. माझंही आडनाव तांडेलच, आणि माझ्या धाकट्या मुलीची पट्टी ती वरून दुसरी, अजून रंग उतरलेला नाही तिचा. तिने गाठ दोनदा आवळली. मी काठावर उभा होतो आणि मला तिच्याकडे बघवेना. मी काय केलं होतं, असं तुम्ही विचाराल. काही नाही. पण माझ्या घरातलं कोणीतरी जेवलं होतं.

आता ओहोटी पुरी लागली आहे, चिखल उघडा पडलाय. फटीच्या समोर बघा, ताजे ठसे आहेत. बोटांमधल्या पडद्याची खूणसुद्धा दिसते आहे. मोठं एक आणि मागून दोन लहान. आपण यायच्या जरा आधी, पाणी उतरतानाच गेलेली असणार. फटीपर्यंत आली, थांबली, आणि तिथून वळून, सगळा काठ चढून, काट्याकुट्यांतून लांबचा फेरा घालून पलीकडे उतरली. रोज असंच असतं. आजही फट उघडी आहे, आजही आम्ही तिच्यातून मासा जाऊ देतो. आणि आजही पाणमांजर त्या वाटेने जात नाही.