सुभानाच्या पाठीची माती

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. मी शोधून पाहिलं, तर प्रत्येक म्हाताऱ्याने वेगळा आकडा सांगितला आणि बाकीच्यांना खोटं ठरवलं. तेव्हा फार वर्षांपूर्वीची, एवढंच धरून चालू.

आंबेखोरी आणि खडकओहोळ या दोन गावांच्या मध्ये बिरोबाचा माळ आहे. तिथल्या जत्रेत वर्षातून एकदा चांदीच्या गदेची कुस्ती होत असे. ज्याची पाठ आधी मातीला लागली तो हरला, एवढाच नियम. इतका सोपा नियम, पण त्यावरून ही दोन गावं जितकी भांडली तितकी ओढ्याच्या पाण्यावरूनही भांडली नसतील.

आंबेखोरीचा मल्ल होता सुभाना. तो आखाड्यात उतरला की माती आपणहून सरकून त्याला जागा देई, असं म्हणतात. त्याच्या वस्तादांनी जग सोडताना त्याच्याकडून एक वचन घेतलं होतं. "सुभाना, मातीशी खोटं बोलू नको. बोललास तर पुन्हा तिच्यात पाय टाकू नको." सुभानाला माती सोडून दुसरं काहीच येत नव्हतं, म्हणून हे वचन त्याने जिवापाड जपलं.

त्या वर्षी त्याच्यासमोर खडकओहोळचा हैबती उभा राहिला. सकाळी हलगी वाजली आणि दोघं भिडले. दुपार झाली, तरी कोणी कोणाला हलवेना. दोघांच्या घामाने आखाड्याचा चिखल झाला आणि गावकऱ्यांनी टोपल्यांनी नवी माती आणून टाकली. सूर्यसुद्धा डोंगराच्या खांद्यावर थांबून राहिला, असं म्हणतात. मला हे पटत नाही. पण कुस्ती लांबली होती, यावर मात्र दोन्ही गावांचं एकमत आहे, आणि या दोन गावांचं एकमत हाच मोठा चमत्कार.

शेवटी हैबतीने ढाकेचा डाव मारला. सुभाना उलटा होऊन मातीवर आदळला, त्याचे दोन्ही खांदे टेकले, आणि त्याच क्षणी मासळीसारखा वळसा घेऊन तो वर आला नि त्याने हैबतीला खाली दाबलं. धुळीचा लोट उठला होता. धूळ बसली तेव्हा पंचाला दिसलं ते एवढंच, की हैबती खाली आणि सुभाना वर. पंचाने सुभानाचा हात उंच केला.

"थांबा!" सुभाना ओरडला. "माझी पाठ आधी लागली!"

पण हलग्या कडाडत होत्या. आंबेखोरीच्या लोकांना वाटलं, गडी आनंदाने ओरडतोय. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं नि नाचवत गावात नेलं. वाटभर तो सांगत राहिला आणि वाटभर ते गुलाल उधळत राहिले.

पारावर त्याला खाली उतरवलं, तेव्हा कुठे त्याचं बोलणं लोकांना ऐकू आलं. लोक म्हणाले, "बघा, किती मोठं मन! जिंकूनसुद्धा म्हणतो हरलो."

तात्या भोईटे नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी सगळी कुस्ती आखाड्याच्या कडेच्या बाभळीवर बसून पाहिली होती. ते पुढे झाले. "सुभाना, तुला काय कळतंय? तू खाली होतास. आम्ही वरनं बघत होतो!"

सुभाना गदा घेऊन खडकओहोळला गेला. तिथले लोक दगड घेऊन वेशीत उभे. "आमच्या हैबतीला भीक घालायला आलास होय रे? हरवलंस ते हरवलंस, वर चिडवायला आलास?" एकटा हैबती त्याच्याजवळ आला. हळूच म्हणाला, "गड्या, तुझी पाठ लागली ते मला ठाऊक आहे. पण तुझं गाव तोंडानं म्हणत नाही तोवर मी गदा कशी घेऊ?"

सुभाना घरी आला. त्याची बायको हौसा त्याची पाठ धुवायला बसली. दोन्ही खांद्यांवर माती होती. पाणी ओतलं, शिकेकाई लावली, वजरीने घासलं. कातडी लाल झाली, पण माती हलेना.

"अवं, ही निघंना की!"

"नाही निघायची," सुभाना म्हणाला. "खरी हाय ती."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या गावाला पाठ दाखवली. "ही बघा माती! आता तरी पटलं?" लोकांनी माना डोलावल्या. कोणी म्हणालं, जन्मखूण असेल. कोणी म्हणालं, बाजेवरून पडला असेल. पावसाळ्यात त्या मातीतून हिरव्या दूर्वा उगवल्या, असं म्हणतात. तर बायका हळदकुंकू घेऊन आल्या आणि बिरोबाचा प्रसाद म्हणून त्याच्या पाठीच्या पाया पडू लागल्या. बिचारा सुभाना! सगळा गाव त्याची आरती करत होता आणि त्याचं एक वाक्य ऐकायला कोणी तयार नव्हतं. वर्षभर तो तालमीच्या दारात बसून राहिला. खोटी गदा घरात होती, म्हणून वचनाप्रमाणे आत पाय टाकला नाही. त्याचे दंड वाळले.

पुन्हा जत्रा आली. दोन्ही गावं माळावर जमली. सकाळी हलगी वाजली, तसा सुभाना आखाड्यात आला. वर्षभराने त्याने मातीत पाय ठेवला होता. गदा बाजूला ठेवून तो उताणा झोपला. दोन्ही खांदे टेकवले आणि म्हणाला, "माझ्या गावानं लागली म्हटल्याबिगर मी उठणार नाही."

लोक हसले. मग विनवण्या झाल्या. मग दोन्ही गावं नेहमीप्रमाणे आपसांत भांडली. ऊन डोक्यावर आलं. आखाडा अडलेला, कुस्त्या थांबलेल्या, लांबून आलेले पाहुणे कंटाळलेले. सूर्य पुन्हा डोंगराच्या खांद्यावर येऊन थांबला, आणि या वेळी तो चिडलेला होता, असं म्हणतात.

अखेर बाभळीवरून तात्या भोईटे उतरले. सुभानापाशी उकिडवे बसले. इतक्या जवळून त्यांनी कुस्तीगीर कधी पाहिला नव्हता. सुभानाच्या डोळ्यांतून ओघळलेल्या पाण्याने त्याच्या कानापाशी चिखल झाला होता.

"ऊठ बाबा. लागली," तात्या म्हणाले.

"कधी?"

"ही काय, आत्ता."

"आणि त्या दिवशी?"

तात्यांनी बाभळीकडे पाहिलं. "त्या दिवशीबी लागली असंल."

"असंल नको, तात्या."

तात्यांनी हात मातीला टेकवला. "लागली," तात्या म्हणाले. आणि मग उभे राहून सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडले, "लागली!"

सुभाना उठला. त्याची पाठ धुतल्यासारखी स्वच्छ होती. वर्षभराची माती मातीत राहिली होती. त्याने गदा हैबतीच्या हातात दिली, त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि त्याच पावली तालमीत जाऊन जोर काढायला लागला.

आजही बिरोबाच्या माळावर पंच लगेच हात उंच करत नाही. आधी हलगी थांबते. मग पंच दोन्ही मल्लांना विचारतो, "पाठ लागली का?" जो "लागली" म्हणेल तो हरला, आणि त्याचा शब्द शेवटचा. बाभळीवर आजही लोक चढतात. ते थांबवणं बिरोबालाही जमलेलं नाही. दर वर्षी कोणीतरी वरून ओरडतोच, "अरे, त्याला काय कळतंय! आम्ही वरनं बघितलंय!"

पंच मान वर करत नाही. एवढंच म्हणतो, "सुभाना खाली होता."

आणि हलगी पुन्हा वाजते.