आधी पाद्रीबाबांचा घोट

वेल्सच्या डोंगरात लानवेडिन नावाचं वीस-बावीस घरांचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या दाराशी दगडी कुंड आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यातलं पाणी आधी पाद्री पितो, मगच बाळाला लावतो. पाहुणे हसतात. मग घंटा वाजवणारे म्हातारे योरवर्थ त्यांना बसवून घेतात आणि सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, कुंडात वरच्या झऱ्याचं पाणी भरत. झरा संताचा, म्हणून पवित्र, आणि पवित्र म्हणून कुणी साफ करायचा नाही. थंडीआधी अख्खं गाव मेंढरं कापी ती तिथंच. आतडीही तिथंच धुवायची. सगळ्यांत जास्त मेंढरं पाद्रीबाबांची. पाण्यावर चरबीचा पिवळा तवंग, त्यात लोकरीचा गुंता, लेंड्या, माशांचा थर. कुत्रंसुद्धा तोंड फिरवी.

तेव्हा बाळाच्या तोंडातही चमचाभर पाणी घालीत. गावातल्या नेस्त नावाच्या बाईचं पहिलं लेकरू बाप्तिस्म्यानंतर आठव्या दिवशी जुलाबानं गेलं. देवाची इच्छा, सगळे म्हणाले. दुसरी मुलगी झाली तेव्हा मात्र नेस्तला झोप येईना. पाणी घालावं तर पहिल्यासारखं व्हायचं. न घालावं तर पोरीला नाव नाही, आणि मेली तर चर्चच्या आवारात मूठभर माती नाही.

तिनं हे बोलून दाखवलं तेव्हा सासू म्हणाली, "राणी लागून गेलीस? आम्ही नाही वाढलो त्याच पाण्यावर?"

रविवारी नेस्त कुंडाशी गेली. तवंगात एक लिबलिबीत तुकडा तरंगत होता. पाद्रीबाबांनी चमचा बुडवला. तिनं पोरीचं तोंड शालीखाली झाकलं.

"आधी तुम्ही प्या, बाबा."

संताचं पाणी नको कसं म्हणणार? पाद्रीबाबांनी चमचा ओठाला लावला, गिळला, आणि तिथंच आपल्या पांढऱ्या झग्यावर भडभडा ओकले. तो वास सासूलाही सोसेना.

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबा बाह्या सारून झऱ्यात उतरले. कुजकं काढताना सहा दिवस ओकत होते, असं सांगतात. सातव्या दिवशी ते ओंजळभर पाणी प्यायले, आणि मगच नेस्तनं पोर पुढं केली. ती पोर नातवंडं पाहून गेली.

आजही लानवेडिनमध्ये मेंढरू झऱ्याच्या खालच्या अंगालाच कापतात. आजही पाद्री आधी पितो. आणि तो प्यायला, तरी आई वाकून कुंडातलं पाणी एकदा हुंगते. तोवर बाळ तिच्याच कुशीत असतं.